भंडारदरा दोन दिवस: मे अखेर की सप्टेंबर? सोबत आई-बाबा आणि ९ वर्षांची मुलगी

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्याहून शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. गाडी एक, माणसं पाच. आई-बाबा सत्तरीच्या आसपास, मुलगी ९ वर्षांची. बाबा सपाटीला किलोमीटरभर आरामात चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. घरात दोन तट पडलेत. एकाला काजवे बघायचेत म्हणून मे अखेर हवा, दुसऱ्याला धबधबे आणि भरलेलं धरण हवंय म्हणून सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा.

विचारायचंय ते असं:
१. दोन्हींतलं कोणतं निवडावं?
२. सांदण दरी मुलीला घेऊन जमेल का?
३. जलाशयाला फेरी मारायची तर कोणत्या बाजूने सुरुवात करावी, वेळ किती लागतो?
४. अंब्रेला फॉल आणि रंधा हे धबधबे नक्की कधी वाहतात? प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाचायला मिळतं.
५. तळ्याकाठी टेंट घ्यावा की खोली?

---

सह्यकडा

मे अखेर आणि सप्टेंबर या एकाच ठिकाणच्या दोन वेगळ्या सहली आहेत, हे आधी घरात सांगून टाका. काजवे, सांदण, धबधबे आणि तुडुंब तळं हे सगळं एका फेरीत मिळत नाही.

मे अखेरीस जलाशय बराच खाली गेलेला असतो. काठाला तांबडा चिखल आणि भेगाळलेली जमीन, पाणी आत दूरवर. धबधबे जवळजवळ कोरडे. पण रात्री काजवे असतात आणि वळीव झालेला नसेल तर सकाळी सांदणमध्ये उतरता येतं. सप्टेंबरमध्ये तळं भरलेलं, डोंगर हिरवे, उताराला सोनकी फुललेली आणि पाऊस अधूनमधून. सांदण मात्र पूर्ण बंद समजा.

सांदणबद्दल जरा सविस्तर. साम्रद गावापासून ही घळ सुरू होते. लांबी साधारण दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोनशे ते चारशे फुटांचे कडे, काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वरच्या पठाराचं पाणी निघून जायला हीच वाट. त्यामुळे तुमच्या डोक्यावर ऊन असलं आणि मागे रतनगडाच्या बाजूला पाऊस पडला, तरी घळीत लोंढा येऊ शकतो आणि बाजूला चढायला जागा नसते. म्हणून जून ते सप्टेंबर तिथे जायचंच नाही, आणि मे महिन्यात दुपारनंतर ढग जमायला लागले तरीही नाही.

कोरड्या दिवशी ९ वर्षांच्या मुलीला पहिल्या पाण्यापर्यंत नेता येईल. गावातून सुरुवातीच्या उतरणीला लागलात की थोड्याच वेळात पहिलं डबकं येतं. मोसमाप्रमाणे पाणी गुडघ्यापासून कंबरेपर्यंत असतं आणि कडक उन्हाळ्यातही बर्फासारखं गार. तिथून परत फिरा. पुढे मोठमोठे धोंडे एकावर एक पडलेत, ते हातपाय लावून उतरावे लागतात, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. तळाशी टोकाला तर दोराशिवाय काम नाही. गावातला वाटाड्या घ्या, सकाळी आठच्या आत उतरा. पायात खाचदार तळव्याचे बूट हवेत. सँडलमध्ये वाळू शिरते, पट्टा सैल होतो आणि पाय मुरगळतो तो नेमका ओल्या धोंड्यावर. वरून माकडं दगड पाडतात, तेव्हा भिंतीला टेकून विश्रांती घेऊ नका. बाबांसाठी हे ठिकाण नाही. दरीच्या मुखाशी सावलीत बसू देत, गावात सांगितलं की चहा होतो.

तुमच्या घरच्या माणसांची वयं बघता माझं मत सप्टेंबर. सगळी मुख्य ठिकाणं गाडीजवळ आहेत, चालणं कमी, आणि तळं भरलेलं असताना नुसतं काठाने फिरलं तरी दिवस वसूल होतो.

---

धरणकाठ

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात.

अंब्रेला फॉल हा नैसर्गिक धबधबा नाही. धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोल खडकावर आपटतं आणि छत्रीसारखं पसरतं. मोरी बंद, तर छत्रीही नाही. भर पावसात जाऊन कोरडा खडक बघून आलेले लोक असतात ते यामुळेच. धरणाचं पाणी मुळात प्रवरा खोऱ्यातल्या शेतीसाठी आणि विजेसाठी. ते पर्यटकांच्या शनिवार-रविवारच्या हिशोबाने सुटत नाही. धरण भरत आल्यावर विसर्ग सुरू असण्याची शक्यता सर्वात जास्त.

धरण साधारण ११ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). साडेदहाच्या पुढे गेलं की बातमीत ‘तांत्रिकदृष्ट्या भरलं’ असं येतं. बऱ्याच वर्षी हे १५ ऑगस्टच्या आगेमागे होतं. पावसाने ओढ दिली तर पुढे जातं. निघायच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी बघा: साठा किती आणि विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट). साठा ९५ टक्के आहे पण विसर्ग फक्त वीजनिर्मितीपुरता, असं असेल तर अंब्रेलाची आशा धरू नका.

रंध्याचं गणित निराळं. तिथे दोन पाणी एकत्र येतात. एक प्रवरेचं, म्हणजे भंडारदऱ्यातून सुटलेलं. दुसरं कृष्णवंतीचं, जी कळसूबाईच्या उतारावरून येते आणि वाकीचा छोटा जलाशय भरला की पूर्ण वेगाने वाहते. वाकी लहान असल्याने लवकर भरतो. त्यामुळे भंडारदरा निम्मा रिकामा असतानाही जुलैत रंधा कोसळत असतो. उलट पाऊस थांबल्यावर धरणातून पाणी सुरू असूनही रंधा बारीक दिसू शकतो, कारण ते पाणी कोदणीच्या वीजकेंद्राकडे वळवलेलं असतं. थोडक्यात, सप्टेंबरमध्ये आधीचे तीन-चार दिवस पाऊस झाला असेल तर रंधा जोरात, नसेल तर बेताचा.

रंध्याला कठड्याच्या बाहेर पाऊल टाकू नका. खडकावर शेवाळ असतं आणि खाली दीडशे फुटांहून खोल घळ. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीपात्र शांत दिसतं, मुलं पाय बुडवायला धावतात. विसर्ग वाढला तर तिथलं पाणी बघता बघता चढतं. घोरपडादेवीचं मंदिर जवळच आहे, आई-बाबांना तिथे बसता येईल.

धरणाबद्दलही थोडं, मुलीला सांगायला बरं. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण. नाव विल्सन डॅम, तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या गव्हर्नरवरून. भिंत दगडी बांधकामाची, सुमारे २७० फूट उंच. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेलेले लक्षात आल्यावर ती मजबूत करण्यात आली. भिंतीवर जाऊ देतात की नाही हे त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं. ड्रोन मात्र परवानगीशिवाय उडवायचा नाही, भिंतीजवळ तर अजिबात नाही.

---

घोटीवाला

रिंगरोडबद्दल, म्हणजे जलाशयाच्या फेरीबद्दल. सुरुवात शेंडीतून, हे धरणाजवळचं गाव. शेंडी – मुतखेल – कोलटेंभे – रतनवाडी – साम्रद – घाटघर – उडदावणे – पांजरे – मुरशेत – शेंडी. एकूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरतं. नुसती गाडी चालवली तर दोन तास, थांबत गेलात तर पाच-सहा. अरुंद रस्ता, वळणावर समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आला की एकाला मागे घ्यावंच लागतं. पावसाळ्यात साइडपट्टी मऊ होते. बाजू देताना डावी चाकं गवतात घालू नका, रुततात. गवताखाली चर आहे की नाही ते दिसत नाही.

सकाळी साडेसहाला शेंडी सोडा आणि आधी रतनवाडीला जा. अमृतेश्वराचं मंदिर ११ नंतर गर्दीने भरतं. आधी पोचलात तर कोरीव काम निवांत बघता येतं. शिलाहारांच्या काळातलं, भूमिज शैलीचं शिखर, म्हणजे मोठ्या शिखरावर तशाच छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, त्यामुळे पिंडीचं दर्शन झालं नाही म्हणून हिरमुसू नका. जवळची पुष्करणी लोक विसरून जातात. तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत, त्या बघाच. पार्किंगपासून सगळं सपाट, बाबांना काही त्रास नाही. फरशी मात्र ओली आणि गुळगुळीत असते, अनवाणी चालताना त्यांचा हात धरा.

रतनगड इथूनच चढतात, पण तो अडीच-तीन तासांचा चढ आणि लोखंडी शिड्या. तुमच्या यादीतून काढून टाका.

गर्दीच्या दिवशी पोलीस एकेरी वाहतूक करतात. तसं असेल तर वरचं सगळं विसरा, ते सांगतील त्या दिशेने जायचं.

---

सह्यकडा

घोटीवाला, सप्टेंबरसाठी दिशा डोळे झाकून ठरवू नये असं मला वाटतं. घाटघरचा कोकणकडा हे या फेरीतलं सगळ्यात बेभरवशाचं ठिकाण. कोकणातून ढग वर चढला की कठड्यासमोर फक्त पांढरा पडदा. सकाळी सहाला शेंडीतून तळ्यापलीकडे रतनगडाचा माथा स्वच्छ दिसत असेल, तर आधी मुरशेत-पांजरेमार्गे घाटघर गाठा, देऊळ कुठे पळून जात नाही. माथा ढगात असेल तर रतनवाडी आधी, म्हणजे घाटघरला पोचेपर्यंत ढग हलायला चार तास मिळतात. तिथे पोचूनही काही दिसत नसेल तर अर्धा तास थांबा. वारा असेल तर पडदा फाटतो आणि दहा-पंधरा मिनिटं सगळं उघडं पडतं.

दिसतं काय, तर खाली ठाणे जिल्ह्याची बाजू आणि घाटघर प्रकल्पाचा खालचा जलाशय. हा उदंचन प्रकल्प २५० मेगावॅटचा. विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. म्हणून घाटघरच्या वरच्या जलाशयाची पातळी रोज वरखाली होते. काठाला ओली रेघ दिसते ती पाऊस किंवा ऊन यांमुळे नाही. त्या काठावर चटई टाकून जेवायला बसू नका.

कड्यावर वारा खालून वर येतो. छत्री उलटते, रेनकोटच घाला. मुलीची टोपी, चष्मा, फोन सगळं आवळून.

---

पाऊलवाट

मनापासून आभार. सप्टेंबर पक्का झाला, काजवे पुढच्या वर्षी. राहण्याचं आणि पुण्याहून येण्याच्या रस्त्याचं कोणी सांगेल का? आणि रविवारी पहाटे कळसूबाई उरकून रिंगरोड होईल असं धाकटा भाऊ म्हणतोय, तोही येऊ शकतो.

---

घोटीवाला

भावाला सांगा कळसूबाई ‘उरकायचं’ शिखर नाही. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च. बारी गावातून चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच. सप्टेंबरच्या रविवारी लोखंडी शिड्यांना रांग लागते, चढणारे-उतरणारे एकाच शिडीवर खोळंबतात. त्याला जायचं असेल तर रात्री बारीत मुक्काम करून पहाटे चारला निघू दे आणि रिंगरोड विसरू दे. तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका.

---

मुक्कामपोस्ट

टेंट नको. सप्टेंबरमध्ये जमीन ओली असते, खालून गारवा येतो, आणि टेंटमध्ये शिरताना-निघताना गुडघ्यावर यावं लागतं. नेमकं तेच बाबांना जमणार नाही. रात्री शौचालयाला जायचं तर ओल्या गवतातून चढउतार. शेंडीत खोली घ्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवास तळ्याला लागून आहे, पण सुट्टीच्या दिवशी आधीच भरतं. गावात खाजगी हॉटेलं आहेत. रतनवाडी, घाटघर, मुरशेतला घरगुती सोयही होते.

फोनवर बुकिंग करताना ‘तळं दिसतं का’ एवढंच विचारू नका. विचारायचं ते असं: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का, वीज गेल्यावर गरम पाण्याचं काय. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. सौरऊर्जेवरचं पाणी ढगाळ हवेत तापत नाही, चुलीवरचा बंब असेल तर उत्तम.

रिंगरोडवर जेवण आयत्या वेळी मिळेलच असं नाही. सकाळी जाता जाता रतनवाडीत किंवा साम्रदला माणसं सांगून ठेवा आणि परतीची वेळ द्या. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी. आईंना तिखट चालत नसेल तर तेही तेव्हाच सांगा, ठेचा वेगळा येतो पण आमटी आधीच झणझणीत झालेली असते.

पेट्रोल राजूरला किंवा घोटीला भरा. रोख जवळ ठेवा. घाटघर-साम्रद पट्ट्यात नेटवर्क जातं आणि ते नसेल तर फोनवरून पैसे देता येत नाहीत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क घेतात, पावती फेकू नका, पुढे परत मागतात. दारूच्या बाटल्या आणि स्पीकर गाडीत असतील तर नाक्यावरच वेळ जातो.

---

धरणकाठ

पुण्याहून दोन रस्ते. एक आळेफाटा – संगमनेर – अकोले – राजूर. लांबचा, पण रस्ता मोठा आणि वाटेत खाण्यापिण्याची सोय भरपूर. दुसरा आळेफाट्याच्या पुढे बोटा गावाहून डावीकडे, ब्राह्मणवाडा – कोतूळ – राजूर. अंतर वाचतं, पण घाटरस्ता आणि वस्ती कमी. पावसाळ्यात कोतूळजवळ मुळा नदी ओलांडताना पाणी किती आहे ते ब्राह्मणवाड्यातच विचारून घ्या. तिथून मागे फिरून संगमनेरला जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. आई-बाबा सोबत असताना मी संगमनेरच सांगेन. चाकण पहाटे सहाच्या आत पार करा, नाहीतर तास-दीड तास तिथेच.

दोन्ही रस्ते राजूरला मिळतात आणि रंधा राजूर-शेंडी रस्त्यावरच, शेंडीच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर आहे. तेव्हा तो शनिवारी येतानाच बघून घ्या. दुपारी खोलीवर आराम, चारनंतर धरणाच्या पायथ्याची बाग आणि अंब्रेला सुरू असेल तर तो. बागेत पायऱ्या आहेत. बाबांना उतरायचं नसेल तर वरूनही बऱ्यापैकी दिसतं.

बोट शनिवारी संध्याकाळवर ठेवू नका, दुपारनंतर वारा सुटला की तळ्यावर लाटा येतात आणि नावाडी नकार देतात. रविवारी फेरीच्या आधी किंवा नंतर, हवा शांत असेल तेव्हा. दर माणशी आहे की बोटीचा, आणि किती वेळाचा, हे बसण्याआधी ठरवा. लाइफ जॅकेटचा पट्टा मुलीच्या अंगावर आवळून बघा. मोठ्यांच्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या खांद्यावरून पाण्यात सरळ वर निघतं. लहान माप नसेल तर बोट रद्द. तळ्यात पोहणंही नको: काठ उतरता नाही, चिखलाखाली एकदम खोल होतो.

---

नाशिकरोड

प्रश्नकर्त्यांचं काम झालं, पण मेच्या बाजूने कोणी बोललंच नाही म्हणून पुढच्या वर्षासाठी लिहितो. काजवे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत. एक-दोन वळीव झाले की संख्या वाढते, मोठा पाऊस लागला की दोन-तीन दिवसांत ओसरते. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. पौर्णिमेला झाडं उजळलेली असतात आणि लुकलुक फिकी पडते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं बघा. एखादंच झाड खालपासून शेंड्यापर्यंत एका लयीत पेटतं-विझतं आणि शेजारचं पूर्ण अंधारात असतं.

हा उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली खूण. हेडलाइट, फ्लॅश, टॉर्च पडला की लय तुटते आणि झाड विझतं. गाडी ठरलेल्या जागी लावा, दिवे बंद, टॉर्चवर लाल कागद, तोही जमिनीकडे. झाड हलवू नका, गवतात शिरू नका, माद्या तिथेच असतात. साडेसात ते नऊ ही चांगली वेळ. शनिवारी मात्र रस्त्यावर गाड्यांचीच रांग असते, जमलं तर सोमवार-मंगळवार गाठा.

---

एसटीप्रेमी

गाडी नसेल तर? मुंबईहून दोघं जण.

---

घोटीवाला

रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटी, घोटीहून राजूरकडे जाणारी एसटी किंवा जीप, शेंडीला उतरायचं. बारी वाटेतच लागतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारा, संध्याकाळी जीप भरल्याशिवाय सुटत नाहीत. रिंगरोडला एसटीच्या भरवशावर राहू नका, शेंडीतून दिवसभरासाठी जीप ठरवा आणि घाटघर, साम्रद, रतनवाडी तिन्ही नावं घेऊन भाव करा. नुसतं ‘रिंगरोड’ म्हटलंत तर साम्रदचा फाटा सोडून सरळ पुढे नेतात. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना समृद्धी महामार्गावरून इगतपुरीला उतरता येतं, पण दुचाकीला त्या रस्त्यावर बंदी आहे, तुम्ही बाइकचा विचार करत असाल तर कसारा घाटानेच या.